पत्र्याच्या घरात छोटं ऑर्किड टांगायचंय: कुठलं घेऊ, कशावर बांधू?

पत्र्याखालचा (साखर पेठ, सोलापूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मला कुंडीतलं नको, लाकडावर बांधून भिंतीला टांगलेलं छोटं ऑर्किड करायचंय. पुण्याला एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात एका फळकुटावर तळहाताएवढं रोप बघितलं. जाड हिरव्या गाठी, प्रत्येक गाठीला एकच पान, खाली पाटी 'डेंड्रोबियम ॲग्रिगेटम'. फूल एक नव्हतं, तरी डोक्यातून जाईना.

घर वरच्या मजल्यावर, डोक्यावर पत्रा. पूर्वेला हातभर गॅलरी. ऊन सकाळी साडेदहापर्यंत, मग समोरच्या कारखान्याच्या भिंतीची सावली. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, ते बॅरलात भरतो. वापरायला बोअर. कूलर आहे, एसी नाही. एप्रिल-मेत आत काय होतं ते सोलापूरकरांना वेगळं सांगत नाही.

आजोबांचा हातमागाचा एक धोटा (आडवं सूत इकडून तिकडे नेणारा लाकडी तुकडा) आहे घरात. माग कधीच विकला, धोटा राहिला. त्यावरच झाड बांधावं असं मनात आहे. होईल का?

आणि दोन फुटकळ शंका. एका साइटवर ऑर्किडच्या बियांचं पाकीट ९९ रुपयांत आहे, फुलं निळीभोर. तिथून सुरुवात करू का? अम्मा म्हणते हे बांडगूळ आहे, घरात आणू नको. तिला काय सांगू?

---

कडक_भाकरी (बाळीवेस)

का बे, सोलापुरात ऑर्किड? इथं कोथिंबीर दुपारपर्यंत टिकत नाही. शेंगा लाव, चटणी तरी होईल.

---

जीवशास्त्राच्या_बाई (जुळे सोलापूर)

भाकरीवाल्याकडे लक्ष देऊ नकोस. माझ्या गॅलरीत आहेत, फुलतात. पण त्याच्या बोलण्यातली एक गोष्ट खरी आहे, आणि तिथूनच सगळं ठरतं. फळकुटावर झाड छान दिसतं, पण त्याला कुंडीतला ओलावा नसतो. आंबोलीला हवाच ओली असते, तिथे चालून जातं. आपल्याकडे मार्चपासून दुपारची आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते आणि भिजवलेलं लाकूड तासाभरात कोरडं होतं. म्हणून फोटो बघून झाड निवडू नकोस, एप्रिल डोळ्यापुढे ठेवून निवड. आणि कशावर बांधायचं ते दिसण्यावर नाही, किती पाणी धरतं त्यावर ठरव.

आधी बियांचं पाकीट. घेऊ नकोस. ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, त्यात अन्नाचा साठाच नसतो. रानात ते विशिष्ट बुरशीच्या मदतीने रुजतं. बुरशीशिवाय साखर घातलेल्या माध्यमात ते रुजवता येतं हे अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ नडसन यांनी १९२२ साली दाखवलं, आणि तेव्हापासून ते काम प्रयोगशाळेतल्या बाटलीत होतं. घरच्या मातीत होत नाही. पाकिटात जे काही असेल ते ऑर्किड नसणार. बाजारात निळीभोर फॅलेनॉप्सिस (कुंडीत विकतात ती मोठ्या फुलांची ऑर्किड) दिसते तीही बहुतेक वेळा देठातून शाई सोडलेली असते, पुढची फुलं पांढरी येतात.

अम्माला सांग, बांडगूळ झाडाच्या आत मुळं घालून त्याचा रस पितं. ऑर्किड नुसती बसायला जागा घेते. मेलेल्या लाकडावर, विटेवर, कौलावरसुद्धा जगते. मेलेल्या लाकडातून कसला रस पिणार?

आता झाड. तुला आवडलेलं ॲग्रिगेटम हे विक्रेत्यांच्या तोंडचं जुनं नाव, आता त्याला डेंड्रोबियम लिंडलेयी म्हणतात. दोन्ही नावांनी शोध. पसंती चांगली आहे तुझी. ईशान्य भारतापासून म्यानमार-थायलंडपर्यंतचं हे झाड. पावसाळ्यात धो धो पाणी आणि हिवाळ्यात कोरडी, उजेडाची, रात्री गार अशी विश्रांती, हा त्याचा क्रम. सोलापूरचा डिसेंबर-जानेवारी त्याला आयताच मिळतो. त्या दिवसांत पाणी जवळजवळ तोडायचं, गाठींना थोड्या सुरकुत्या पडू द्यायच्या. हिवाळ्यात मायेने पाणी घालत राहिलास तर पानं येतील, फूल येणार नाही. फुलं फेब्रुवारीअखेर ते एप्रिल, पिवळी, लोंबता घोस, मधासारखा वास. टिकतात मात्र आठ-दहा दिवस, लग्नातली पाहुणी जशी.

याची धाकटी बहीण जेनकिन्सी. खरी चिमुकली तीच, गाठी दोन-तीन सेंटिमीटरच्या, एका दांड्याला एक ते तीन फुलं. एकीच्या नावाने दुसरी विकतात, तेव्हा गाठीचं माप विचार. तिसरा पर्याय टोलुम्निया, कॅरिबियन बेटांवरची, पंख्यासारखी पानं. ती मुळात बारीक काड्यांवर वाढते, तिला मुळं पटकन वाळलेलीच आवडतात. बल्बोफायलमच्या नादाला लागू नकोस. दिसायला मोहक, पण तिला सतत दमट हवा लागते.

कुठून घ्यायचं? हडपसर-उरुळी कांचन पट्ट्यातल्या नर्सऱ्यांत फॅलेनॉप्सिस आणि मोठ्या डेंड्रोबियमची संकरं भरपूर, असली छोटी क्वचित. कालिंपोंग-सिक्कीमकडचे उत्पादक ऑनलाइन पाठवतात. त्यांच्याकडून घेताना 'हेच झाड पाठवणार त्याचा आजचा फोटो आणि मुळांच्या बाजूचा फोटो' मागायचा. कॅटलॉगमधलं चित्र पाठवलं तर पुढे जाऊ नकोस. बाटलीतली रोपंही नकोत. फुलायच्या वयाचा, निदान चार-पाच गाठींचा तुकडा घे. एक-दोन गाठींचा तुकडा रुसून बसतो, वर्ष वर्ष हलत नाही. आणि हे झाड आपल्या देशात रानात आहे, त्यामुळे रानातून ओरबाडलेलंही विकायला येतं. ओळखायचं कसं? सगळी मुळं एकाच मापाने तुटलेली, मुळांना झाडाच्या सालीचे तुकडे आणि दगडफूल चिकटलेलं, पानं फाटकी, भाव मात्र फारच कमी. नर्सरीतल्या झाडाची मुळं मॉस (वाळलेलं शेवाळ) किंवा कोळसा धरून असतात.

वेळ. आत्ता फेब्रुवारीत मागवलंस तरी बांधायची घाई करू नकोस. हा उन्हाळा त्याला छोट्या मातीच्या कुंडीत, कोळसा आणि सोडणाच्या (नारळाच्या सालीच्या) तुकड्यांत काढू दे. सोडण दोन-तीन वेळा पाणी बदलून भिजवून घे, त्यात मीठ असतं. मृगाच्या सुमाराला नव्या कोंबाच्या बुडाशी हिरव्या टोकाची मुळं दिसायला लागतील. ती बोटाच्या पेरापेक्षा लहान असतानाच बांधायचं. जुनं मूळ नव्या जागेला सहसा धरत नाही. धरतं ते नवीन, आणि पावसाळ्यात हवाही साथ देते.

कशावर? बाभूळ चांगली: कठीण, खरखरीत साल, लवकर कुजत नाही. आंब्याची फांदीही चालते पण दोन-तीन वर्षांत भुसा होते. फर्निचरचं उरलेलं, पॉलिश किंवा वाळवीचं औषध मारलेलं लाकूड नको. माझी स्वतःची पसंती मात्र भाजलेल्या मातीला. जुनं मंगळुरी कौल रात्रभर पाण्यात ठेव, मग ड्रिलने भोक पाड, तडकत नाही. कौल पाणी पितं आणि हळूहळू सोडतं, सुटताना थंडही होतं. मूळ त्याला असं चिकटतं की नंतर नखाने निघत नाही.

त्याहून सोपं: संक्रांतीची सुगडं घरात पडून असतील. बिनरंगाचं एक घे, तोंडापर्यंत पाणी भर, आणि झाड बाहेरच्या अंगाला बांध. माती पाझरत राहते, मुळांना ओल मिळत राहते, हवाही. पत्र्याखाली राहणाऱ्याने हेच करावं असं माझं मत. तोंडाला कापड बांध, नाहीतर डासांची सोय. हिवाळ्यात सुगड रिकामं ठेवायचं, विश्रांती आपोआप.

धोट्याबद्दल माझं मत नाही असंच. घासून घासून गुळगुळीत झालेला, वर्षानुवर्षं तेल-मेण प्यालेला, टोकांना लोखंड. मूळ कशाला धरणार? त्याची खुंटी कर, त्याला कौल टांग.

---

दाजीपूर_साईड (राधानगरी)

भावा, विकत कशाला घेतोस! आमच्याकडं पावसात फांद्याच्या फांद्या पडत्यात, सीतेची वेणी असती त्यावर, आणखी दहा प्रकार. पुढच्या वेळी सोलापूरला आलो की फांदीसकट आणून देतो. लई भारी दिसतंय. पैसं नकोत, शेंगाचटणी दे.

---

जीवशास्त्राच्या_बाई

मन मोठं आहे तुमचं, पण आणू नका. एक म्हणजे अभयारण्यातून पडलेली काडीसुद्धा परवानगीशिवाय उचलता येत नाही, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. दुसरं, तुमच्याकडे पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पडतो, आमच्याकडे अख्ख्या वर्षाचा मिळून सात-साडेसातशे. ती वेणी इथे पहिल्याच मे महिन्यात सुतळी होईल. तुमच्या स्वतःच्या परड्यात फांदी पडली तर तिथल्याच आंब्याला, फणसाला सुतळीने बांधून टाका. पुढच्या पावसापर्यंत मुळं धरते, आणि जूनमध्ये फुललेली आम्ही तिथे येऊन बघू.

---

दाजीपूर_साईड

पटलं बाई. परड्यात फणस हाय. चटणी मात्र सोडत नाही.

---

फिल्टरवाला (होटगी रोड)

भाऊ, झाडातलं मला कळत नाही, पाण्यातलं कळतं. आरओ बसवायचं-दुरुस्तीचं काम करतो. तुझ्या प्रश्नात खरी गोम पाण्याची आहे.

बोअरचं पाणी वापरू नको. आपल्या भागात मीटर लावला की टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, हजाराच्या पुढे सहज जातो. बाईंनी सांगितलेल्या सुगडात ते भरलंस तर पाणी उडून जाईल आणि क्षार बाहेरच्या अंगाला बसतील, म्हणजे नेमके मुळांवर. महिन्याभरात सुगड पांढरं. माझ्याकडं एक गिऱ्हाईक ऑर्किडवाले आहेत, ते दीडशेच्या आतलंच पाणी देतात. आरओचं साधारण पन्नास ते शंभर येतं. जार घेत असाल तर जारवाल्याच्या शब्दावर जाऊ नको, मीटर बुडवून बघ. पेनासारखा मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो.

लोकांचे तीन गैरसमज सांगतो. उकळल्याने टीडीएसचा प्रश्न मिटत नाही. तुरटीने गाळ बसतो, विरघळलेलं मीठ तसंच राहतं. आणि कूलरच्या टाकीतलं पाणी म्हणजे सगळ्यात वाईट, पाणी उडतं, क्षार खाली जमतात, आपण वरून आणखी बोअरचं ओततो. ते झाडाला कधीच नको. आरओच्या वेस्ट पाइपचंही नको, ते तर बोअरपेक्षा जड.

आता आनंदाची गोष्ट. तुझ्याकडं पत्रा आहे! शंभर चौरस फूट पत्र्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर हिशेबाने नव्वद लिटरच्या आसपास पाणी येतं. पहिल्या एक-दोन सरी धूळ वाहून जाऊ दे, मग पन्हळीखाली बॅरल लाव आणि झाकून ठेव. तुझ्या एका झाडाला दिवसाला लिटरसुद्धा लागणार नाही. पावसाळ्यात भरलेली दोन बॅरलं उन्हाळ्यापर्यंत पुरतील. पत्रा सिमेंटचा असेल किंवा नुकताच रंगवला असेल तर मात्र राहू दे.

---

भवानीपेठ_माग (सोलापूर)

बाळा, तुझ्या आजोबांच्या पिढीतला मी नाही, पण मागावर बसलेला आहे. बाईंचं धोट्याबद्दलचं म्हणणं पूर्ण पटलं नाही.

धोट्याची वरची बाजू गुळगुळीत असते, खरंय. पण मधे कांडी, म्हणजे सुताची गुंडाळी, बसायची खाच असते की. ती आतून तितकी घासलेली नसते. कांडीची सळई काढून टाक, खाचेत तुमचं ते मॉस भर, मुळं आत, झाड वर. खाच खालून बंद असेल तर दोन भोकं पाड, पाणी साठायला नको. यंत्रमागाचा धोटा असता तर मीच नको म्हणालो असतो, तो कारखान्याच्या तेलात माखलेला असतो. हातमागाचा आहे ना? मग सोडा टाकून गरम पाण्यात दोन-तीनदा धू, चार दिवस उन्हात ठेव. त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघ. थेंब गोळा होऊन घरंगळला तर तेल अजून आहे. पसरला तर झालं काम.

बांधायला सूत तर घरातच असेल. एक ध्यानात ठेव, ताण्याचं, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांचं, सूत घेऊ नको. त्याला खळ असते. खळ म्हणजे पिठूळ, ओली झाली की बुरशी धरणार आणि मुंग्या येणार. घेतलंच तर उकळून खळ काढ. रंगीत सूतही नको. कोरं, जाडसर, बिनखळीचं सूत चार पदरी करून घे.

---

पत्र्याखालचा

सगळ्यांना धन्यवाद. भवानीपेठ काका, धोटा हातमागाचाच आहे, खाच खालून उघडी आहे. थेंब आत्ताच टाकून बघितला, सरळ घरंगळला. म्हणजे धुलाई लागणार.

बाई, तुम्हाला विचारतो. खाचेत भरलं तर चालेल का? आणि प्रत्यक्ष बांधायचं कसं, कुठं टांगायचं, पाणी किती वेळा, खत काय? जरा सविस्तर सांगा ना.

---

जीवशास्त्राच्या_बाई

खाचेची कल्पना चांगली आहे, मला सुचली नव्हती. तरी लिंडलेयी तिथे घालू नकोस. तिला मुळं उघडी हवीत, आणि चार वर्षांत ती खाचेच्या बाहेर पसरेल, मग लोखंडी टोकाच्या गंजात मुळं जातील. काकांच्या धोट्यात टोलुम्निया घाल, ती लहानच राहते. मॉस अगदी विरळ, कोंबलेलं नको. लिंडलेयी सुगडावर किंवा कौलावर. आहेत तर दोन्ही कर.

बांधणं. आधी मुळं वीस-पंचवीस मिनिटं पाण्यात ठेव. ऑर्किडच्या मुळावर स्पंजासारखं आवरण असतं, कोरडं असताना चांदीसारखं पांढरं आणि काडीसारखं कडक, भिजलं की हिरवं आणि लवचिक. कोरडं वाकवायला गेलास तर मोडणार. जी मुळं दाबल्यावर पोकळ लागतात ती काप, कात्री ज्योतीवर धरून घे. कापलेल्या जागी दालचिनीची पूड लोक लावतात. गाठीच्या जखमेला ठीक, पण चांगल्या मुळांवर पडू देऊ नकोस, ती वाळवते.

मग कौलावर मॉसचा किंवा काथ्याचा पातळ थर, बोटाच्या जाडीपेक्षा कमी. झाड त्यावर ठेवताना वाढीचं टोक कुठे आहे ते बघ. नवी गाठ ज्या बाजूला येते ती बाजू मोकळी, पुढे चार बोटं जागा. गाठींना जोडणारी आडवी मुळी मॉसमध्ये पुरायची नाही, वरच राहू दे, नाहीतर कुजते. आता सूत गाठींच्या मधून घालून आवळ. किती आवळायचं? कौल हातात धरून हलव. झाड कौलासोबत हललं पाहिजे, वेगळं नाही. डुगडुगलं की नव्या मुळांची टोकं घासून मोडतात आणि ते कधीच धरत नाही. लोक इथेच फसतात, झाडाला दुखेल म्हणून सैल बांधतात. कोरं सूत पावसाळाभर टिकतं आणि मग कुजतं, तोवर मुळांनी धरलेलं असतं. मासे धरायचा नायलॉनचा तंगूसही चालतो, पण तो नंतर आठवणीने कापावा लागतो. तांब्याची तार चुकूनही नको, तांबं ऑर्किडला विष. गरम गोंदाची बंदूकही नको.

टांगायचं उभं, म्हणजे पानांच्या बुडाशी पाणी राहत नाही. गॅलरीत, पण पत्र्याजवळ नाही, खाली. गरम हवा वर जमते. तुझ्या पत्र्याखाली दोन फुटांवर आणि कमरेच्या उंचीवर थर्मामीटर ठेवून बघ, फरक दिसेल. बांधल्यावर पहिले दोन-तीन आठवडे सावली, मग सकाळचं ऊन. मार्चच्या मध्यापासून पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी, एप्रिल-मेत तीच दुहेरी. पान पोपटी असेल तर उजेड बरोबर. गर्द हिरवं म्हणजे कमी पडतोय. तांबूस, चट्टे पडलेलं म्हणजे भाजतंय. मेच्या शेवटी अगदीच असह्य झालं तर मोरीच्या खिडकीत हलव, घरात सगळ्यात दमट जागा तीच. कूलरच्या झोताच्या वाटेतही चालेल, तोंडावर नाही, सहा-सात फुटांवर. कूलरचं पाणी वाईट, पण त्याची हवा ओली असते, ती चांगली.

जाड पानांच्या बऱ्याच ऑर्किड दिवसा पानांची छिद्रं मिटून बसतात आणि रात्री उघडून हवा आत घेतात. अननस, निवडुंग हेच करतात. तेव्हा दुपारच्या ४२ अंशांना फार घाबरू नकोस, त्या वेळी ते दार लावून बसलेलं असतं. रात्र जपायची. दिवस मावळल्यावर गॅलरीत सडा मार, त्यासाठी बोअरचं पाणी चालेल. झाडाजवळ गोणपाट ओलं करून टांग. रात्रीची हवा ओली आणि दोन अंशांनी गार झाली तरी फरक पडतो.

पाणी: पावसाळ्यात हवा बघून, झड लागली असेल तर दोन दिवस काहीच नाही. ऑक्टोबरात रोज सकाळी. नोव्हेंबर ते फुलांची दांडी दिसेपर्यंत आठवड्यातून एखादा फवारा, बस. उन्हाळ्यात सकाळी कौलासकट बादलीत दहा मिनिटं आणि सूर्यास्ताला एक फवारा. मुळं हिरवी होईपर्यंत पाणी पोचलेलं नसतं, नुसतं शिंपडून समाधान मानू नकोस. घरी रोज सकाळी कुणीच नसणार असेल तर कौल विसर, सुगड कर.

खत: कृषी सेवा केंद्रात १९:१९:१९ मिळतं. पाकिटावरचा डोस पिकाचा असतो, तो वापरू नकोस. लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा, जून ते सप्टेंबर, आणि मुळांनी धरल्यावरच. मधल्या एका पाण्याला साध्या पाण्याने खळखळून धुवायचं. हिवाळ्यात खत बंद.

---

कडक_भाकरी

बाई, मी गंमत केली होती. माझ्याकडंही सुगडं पडून आहेत बरं का. मुंग्या येतात का यावर? आमच्या घरी साखरेशिवाय पण येतात.

---

जीवशास्त्राच्या_बाई

मुंग्या मुळांना खात नाहीत, पण पिठ्या ढेकूण आणतात आणि पाळतात. कळीवर गोड थेंब दिसतात त्यांच्यासाठीही येतात, ते झाडच सोडतं, रोग नाही. पानाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर कानातल्या काडीवर सर्जिकल स्पिरिट घेऊन पूस, संध्याकाळी, उन्हात नाही. आठवड्याने परत. टांगायच्या तारेला वर थोडं व्हॅसलीन लावलं की मुंग्यांची वाट बंद होते.

---

पत्र्याखालचा

ठरलं. कालिंपोंगच्या एकाकडून पाच गाठींची लिंडलेयी, साडेचारशे, आजचा फोटो मागवला, मुळं मॉसमध्ये दिसतात. टोलुम्निया नंतर, धोटा धुऊन झाल्यावर. कुरिअरला सहा-सात दिवस लागतील म्हणतो. चालेल का?

---

जीवशास्त्राच्या_बाई

फेब्रुवारी आहे, चालेल. त्याला सांग सोमवारीच काढ, शुक्रवार-शनिवारी काढलं की रविवारी गोदामात पडून राहतं. मुळं किंचित ओलसर मॉसमध्ये गुंडाळ, चिंब नको, बंद प्लॅस्टिकमध्ये कुजतात. खोक्याला चार भोकं. आलं की लगेच उघड, लगेच पाण्यात बुडवू नकोस, तासभर सावलीत हवेवर ठेव. मग मुळं भिजव. गाठी सुरकुतलेल्या असतील, घाबरू नकोस, पाच गाठींपैकी एखादी पिवळी पडली तरी चालतं. मऊ, पाणीदार, तपकिरी गाठ असेल तर तेवढी त्याच दिवशी काप आणि विक्रेत्याला फोटो पाठव. आलेलं झाड पहिले दोन आठवडे बाकी झाडांपासून लांब ठेव.